विधात्याचा खेळ : हॉडेनोशोनी राष्ट्रीय संघाचा इतिहास

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने एखाद्या संस्थेचा इतिहास लिहून द्यावा अशी आज्ञा केली, तेव्हा आपल्याच मंडळाची स्थापना, पहिला गणेशोत्सव आणि भाड्याने घेतलेली सभागृहे यांची हकीकत मी लिहावी अशी त्यांची अपेक्षा असावी. परंतु ती हकीकत माझ्याहून अधिकारी लेखणीने याच अंकात अन्यत्र सिद्ध झालेली आहे. आणि ज्या भूमीवर आपण घरे बांधली, मुले वाढविली, निवृत्तीची वर्षे मोजू लागलो, त्या भूमीच्या मूळ धन्यांनी आपल्या अगदी शेजारी उभारलेल्या एका संस्थेविषयी आपणांपैकी फार थोड्यांना काही ठाऊक आहे, ही गोष्ट मला पुष्कळ वर्षे सलत आलेली आहे. सिरॅक्यूज शहरातून दक्षिणेस निघाले की मोटारीच्या थोड्याच वाटेवर ओनोंडागा राष्ट्राची हद्द लागते. त्या हद्दीत एक मोठे क्रीडागृह आहे, आणि त्या क्रीडागृहाच्या अंगणात उभे राहून ज्या संघाचे नाव मी प्रथम ऐकले, त्या संघाचा हा इतिहास आहे. त्याचे आजचे नाव ‘हॉडेनोशोनी नॅशनल्स’. 2022 पर्यंत तो ‘इरोक्वॉय नॅशनल्स’ या नावाने जगास परिचित होता.

‘इरोक्वॉय’ हे फ्रेंचांनी रूढ केलेले नाव. हे लोक स्वतःस ‘हॉडेनोशोनी’ म्हणवितात, म्हणजे दीर्घगृहात राहणारे. मोहॉक, ओनायडा, ओनोंडागा, कायुगा आणि सेनेका ही पाच राष्ट्रे परस्परांच्या रक्ताने माखलेली असता एका शांतिदूताने त्यांस एकत्र आणिले, ओनोंडागा सरोवराच्या काठी एक शुभ्र पाइनचे झाड रोवून त्याच्या मुळाशी सर्वांची शस्त्रे पुरली आणि पाचांचे मिळून एकच घर केले, अशी त्यांची परंपरा सांगते. त्या घराचा पूर्वेचा दरवाजा मोहॉकांनी राखावा, पश्चिमेचा सेनेकांनी राखावा, आणि मधला अग्नी ओनोंडागांनी तेवत ठेवावा अशी वाटणी ठरली. पुढे 1722 मध्ये टस्करोरा हे सहावे राष्ट्र त्यात सामील झाले. या राष्ट्रसंघातील सरदारांची निवड कुलमाता करतात आणि सरदार मार्गभ्रष्ट झाल्यास त्यास पदच्युत करण्याचा अधिकारही त्यांचाच असतो. 1794 मध्ये जॉर्ज वॉशिंग्टनच्या सरकारने या राष्ट्रांशी कॅनन्डाइग्वा येथे तह केला आणि त्यांचा प्रदेश मान्य केला. त्या तहान्वये द्यावयाचे कापड अमेरिकन सरकार आजही दरसाल देते, आणि हे लोक ते आजही घेतात. कापडाची किंमत कितीही अल्प असो, ते देणे चालू आहे तोवर तहनामा जिवंत आहे, हा त्यांचा न्याय आहे. तहनामा लिहून झाला की दप्तरात टाकून विसरण्याची ज्या राज्यकर्त्यांस सवय जडलेली असते, त्यांच्याशी व्यवहार करताना असली चिकाटी किती आवश्यक असते, हे संस्थानी अमदानीतील सनदा जपून ठेवणाऱ्या आपल्याकडील घराण्यांस वेगळे सांगावयास नको.

आता खेळाकडे वळतो. लॅक्रॉस म्हणजे जाळी विणलेल्या काठीने चेंडू झेलावयाचा, धावता धावता तो त्या जाळीत सांभाळावयाचा, सोबत्याकडे फेकावयाचा आणि अखेरीस प्रतिपक्षाच्या गोलात मारावयाचा खेळ. बाह्य वर्णन एवढेच. परंतु हॉडेनोशोनींच्या लेखी हा मनुष्याने शोधलेला खेळच नव्हे. हा विधात्याचा खेळ आहे, त्याच्या रंजनासाठी खेळावयाचा आणि आजाऱ्यास औषध म्हणून द्यावयाचा. पशू आणि पक्षी यांच्यात पूर्वी एकदा मोठा सामना ठरला. अस्वल, हरीण आणि कासव हे पशूंचे अग्रणी, गरुड, ससाणा आणि घुबड हे पक्ष्यांचे. दोन इवलेसे चतुष्पाद आपल्यासही खेळास घ्यावे अशी याचना करीत पशूंकडे गेले, तेव्हा त्यांच्या आकाराची चेष्टा करून त्यांस हाकलून देण्यात आले. मग ते पक्ष्यांकडे गेले. पक्ष्यांनी नगाऱ्याच्या चामड्याचा तुकडा कापून एकास पंख करून दिले, तो वटवाघूळ झाला. दुसऱ्याच्या अंगाची कातडी चोचींनी ताणली, ती उडती खार झाली. आणि त्या दिवशीचा सामना पक्ष्यांनी जिंकला तो या दोघांच्या बळावर. ही कथा तेथील मुलास काठी हातात येण्यापूर्वीच ऐकून पाठ झालेली असते. दुबळ्याच्याही ठायी काही देणगी असते, तिला जागा करून द्यावी, हा बोध ग्रंथातून न देता खेळातून देण्याची ही रीत मला अतिशय हृद्य वाटते.

औषधाचा हा अर्थ अलंकारिक नाही. 1636 मध्ये ब्रेबफ नावाच्या फ्रेंच धर्मोपदेशकाने, हॉडेनोशोनींचे भाषाबंधू असलेल्या ह्यूरन लोकांत राहून लिहिलेल्या वृत्तांतात, गावच्या वैदूने रोगनिवारणार्थ हा खेळ खेळण्याचा आदेश दिल्याचा उल्लेख आहे. ‘क्रॉस’ हे नावही त्याच वृत्तांतातून युरोपात गेले. 1815 मध्ये सेनेकांचा धर्मसुधारक हॅण्डसम लेक ओनोंडागांच्या गावी मृत्युशय्येवर असता त्याच्या मनास उभारी यावी म्हणून लोकांनी त्याच्यासाठी हाच खेळ मांडला. आजही या राष्ट्रांत कोणी दुर्धर दुखण्याने पडला, किंवा वसंतात सर्वांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करावयाची असली, की औषधाचा सामना होतो. त्यात वृद्ध एका बाजूस आणि तरुण दुसऱ्या बाजूस असतात, चेंडू हरणाच्या कातड्याचा असतो, काठ्या लाकडीच असाव्या लागतात, आणि ठरलेले गोल झाले की सामना संपतो. कोण जिंकले याची नोंद कोणी ठेवीत नाही. आपल्या तालमीत मारुतीस नमस्कार केल्यावाचून लाल मातीत पाऊल टाकीत नाहीत, त्या रीतीशी हे भावनेने जवळचे आहे. परंतु आपल्याकडे देव तालमीच्या कोनाड्यात असतो, येथे खेळ हीच पूजा असते, एवढा भेद ध्यानात घ्यावयास हवा.

ती काठी मी एकदा हातात घेऊन पाहिली आहे. क्रीडागृहाबाहेर एका वृद्ध गृहस्थांनी दोनतीन काठ्या भिंतीस टेकून ठेवल्या होत्या; मी दुरूनच पाहत होतो, ते पाहून त्यांनी स्वतःच एक उचलून माझ्यापुढे केली. हिकरी नावाच्या वृक्षाचे लाकूड, वजनाने अपेक्षेपेक्षा भारी, मुठीपाशी वापराने काळवंडलेले, आणि टोकाशी मोराच्या मानेसारखे वळविलेले. त्यांनी सांगितलेली कृती अशी : सरळ वाढलेले, गाठी नसलेले झाड निवडावयाचे आणि ते तोडण्यापूर्वी तंबाखू वाहून त्याची अनुज्ञा मागावयाची, ओंडक्यास पाचरी ठोकून तो धाग्याच्या दिशेने फोडावयाचा, करवतीने कापावयाचा नाही, कारण करवत धागा तोडते आणि तुटल्या धाग्याची काठी पहिल्याच आघातास मोडते, मग फाकीस वाफेवर मऊ करून वाकवावयाचे, तारेने बांधून महिनोन्महिने सुकू द्यावयाचे, पुन्हा वाफ, पुन्हा वाकविणे, अखेरीस दोन्ही हातांनी ओढावयाच्या सुरीने तासून, भोके पाडून, चामड्याच्या वादीने जाळी विणावयाची. एका काठीस सुमारे दहा महिने लागतात. मी जाळीवरून बोट फिरविले तेव्हा ती एखाद्या जुन्या खाटेच्या सुंभासारखी घट्ट आणि किंचित खरखरीत लागली. ‘‘लहान मूल जन्मले की त्याच्या पाळण्यात आम्ही छोटी काठी ठेवतो,’’ ते म्हणाले, ‘‘आणि माणूस गेला की त्याची काठी त्याच्याबरोबर जाते. पलीकडे गेल्यावर पहिला सामना त्याच दिवशी असतो.’’ हे त्यांनी इतक्या सहजपणे सांगितले की जणू शेजारच्या गावचे वेळापत्रकच ते मला सांगत होते.

असा हा खेळ त्याच्या धन्यांच्या हातून कसा गेला, ते आता सांगावयाचे आहे. मॉन्ट्रियल येथील जॉर्ज बिअर्स या दंतवैद्याने मोहॉकांचा खेळ पाहून त्याचे नियम छापले, 1867 मध्ये कॅनडात राष्ट्रीय लॅक्रॉस संस्था स्थापण्यात पुढाकार घेतला आणि मैदानाची लांबी, खेळाडूंची संख्या, रबरी चेंडू इत्यादी सर्व गोष्टी आखून दिल्या. 1876 मध्ये आणि पुन्हा 1883 मध्ये काहनावाके गावच्या मोहॉक खेळाडूंस पिसे आणि मणी घालून विलायतेस नेण्यात आले; व्हिक्टोरिया राणीने विंडसर येथे त्यांचा खेळ पाहिला. प्रदर्शनापुरते ते उपयोगाचे होते. 1880 मध्ये मात्र त्याच राष्ट्रीय संस्थेने केवळ हौशी खेळाडूंसच अजिंक्यपदाचे सामने खेळता येतील असा नियम केला, आणि प्रवासखर्चापुरते पैसे घेणाऱ्या आदिवासी खेळाडूंस धंदेवाईक ठरवून बाद केले. ज्यांच्या गाठीस गाडीभाड्याचेही पैसे नव्हते, त्यांनी गाडीभाडे घेतले हाच त्यांचा अपराध झाला. ज्यांनी खेळ शिकविला त्यांनाच त्या खेळाच्या दरबारात मज्जाव करणारा हा हुकूम मला क्रीडेच्या इतिहासातील अत्यंत अन्यायकारक हुकुमांपैकी एक वाटतो, आणि तो द्वेषाच्या भाषेत न लिहिता शुचितेच्या भाषेत लिहिला गेला, यामुळे त्याची दाहकता उणी होत नाही.

येथे आपल्या इतिहासाशी थोडी तुलना करण्याचा मोह आवरत नाही. खोखोचे नियम 1914 च्या सुमारास पुण्यात बांधले गेले, हुतूतूचे नियम त्यानंतरच्या काही वर्षांत साताऱ्यास आणि बडोद्यास आकारास आले, आणि ते बांधणारे लोक हे खेळ लहानपणापासून अंगणात खेळलेले लोक होते. अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचे पथक 1936 मध्ये बर्लिनच्या ऑलिम्पिकप्रसंगी गेले, तेव्हा आपला खेळ आपल्या माणसांनी, आपल्या नियमांनी जगापुढे ठेवला. आपणही परदास्यात होतो, तरी खेळाची मुखत्यारी आपल्या हातून सुटली नव्हती. हॉडेनोशोनींच्या हातून ती सुटली, किंवा अधिक नेमके बोलावयाचे तर ती त्यांच्या हातून काढून घेण्यात आली, आणि ती परत मिळविण्यास एक शतकाहून अधिक काळ लागला.

मधल्या काळात खेळ थांबला मात्र नाही. 1904 च्या सेंट लुई ऑलिम्पिकमध्ये मोहॉकांचा एक संघ कॅनडातून आला आणि तिसरा आला. 1931 पासून बर्फावरील हॉकीची बंदिस्त रिंगणे उन्हाळ्यात रिकामी राहू नयेत म्हणून कॅनडातील हॉकीच्या मालकांनी रिंगणातील लॅक्रॉस सुरू केले, आणि या चपळ, अरुंद जागेच्या खेळावर आदिवासी खेळाडूंनी लवकरच आपली मोहोर उमटविली. पुढे दूरचित्रवाणीवर ‘टॉण्टो’ म्हणून घरोघरी पोहोचलेला नट जे सिल्व्हरहील्स हा ग्रॅण्ड नदीकाठच्या सहा राष्ट्रांच्या वसाहतीतला, रिंगणातील लॅक्रॉसचाच खेळाडू होता. सेंट लॉरेन्स नदीतील कॉर्नवॉल बेटावर मोहॉक कारागिरांचा एक कारखाना जगातील बहुसंख्य लाकडी काठ्या पुरवीत असे. 1968 मध्ये तो आगीच्या भक्ष्यस्थानी पडला, आणि 1970 पासून प्लास्टिकच्या डोक्याच्या काठ्या बाजारात आल्या. ज्यांच्या हातांनी काठी घडत होती त्यांची रोजी गेली, आणि खेळाडूच्या हातातून झाड गेले.

या सर्वातून एक मनुष्य पुढे आला, ज्याच्यावाचून ही संस्था झाली नसती. ओरेन लायन्स यांचा जन्म 1930 मधला. ते ओनोंडागांच्या वसाहतीत वाढले, सिरॅक्यूज विद्यापीठात गोलरक्षक म्हणून गाजले, आणि 1957 मध्ये ज्या विद्यापीठ संघाने एकही सामना गमावला नाही, ज्यात पुढे फुटबॉलमध्ये विख्यात झालेले जिम ब्राऊन होते, त्या संघाचे गोल त्यांनीच राखले. नंतर न्यूयॉर्क शहरात व्यावसायिक चित्रकार म्हणून त्यांचा उत्तम जम बसला होता. तो सोडून ते 1970 मध्ये स्वगृही परतले आणि आपल्या राष्ट्राचे धर्मरक्षक म्हणून दीर्घगृहाच्या कामकाजात रुजू झाले. 1977 मध्ये जिनीव्हा येथे संयुक्त राष्ट्रांच्या दारी आदिवासी राष्ट्रांचे जे शिष्टमंडळ गेले त्यात ते होते, आणि हॉडेनोशोनी प्रतिनिधींनी त्या प्रवासात स्वराष्ट्राची पारपत्रे वापरली. ही वाटही नवी नव्हती. 1923 मध्ये डेस्काहेह नावाचे कायुगा सरदार तेव्हाच्या जागतिक राष्ट्रसंघाकडे (लीग ऑफ नेशन्स) फिर्याद घेऊन असेच स्वतःच्या पारपत्रावर जिनीव्हास गेले होते; त्यांची दाद लागली नाही, आणि 1925 मध्ये त्यांचे निधन झाले. ज्या दरवाजावर एकाने व्यर्थ थाप मारली, तोच दरवाजा अर्धशतकानंतर दुसऱ्याने पुन्हा ठोठावला. पारपत्र आणि खेळ यांचे नाते पुढे का जडले, हे समजण्यास हा धागा हातात असणे आवश्यक आहे.

1983 मध्ये ओरेन लायन्स, वेस पॅटरसन आणि रिक हिल यांनी संघ उभा केला. ‘राष्ट्रीय’ हा शब्द त्यांनी मोघमपणे योजिला नव्हता; हा अमेरिकेचा संघ नव्हे, कॅनडाचा नव्हे, सहा राष्ट्रांचा संघ आहे, आणि त्याच्या ध्वजावर त्या राष्ट्रांच्या ऐक्याची निशाणी असलेला हायवाथा पट्टा आहे, हे पहिल्या दिवसापासून स्पष्ट होते. जांभळ्या शिंपल्यांच्या त्या जुन्या पट्ट्यावर मधोमध शुभ्र पाइनवृक्ष आणि दोन्ही बाजूंस दोन दोन चौकोन गुंफलेले आहेत. 1984 मध्ये लॉस एंजेलिसच्या ऑलिम्पिकच्या सुमारास जिम थॉर्प यांच्या स्मरणार्थ तेथे आदिवासी क्रीडामेळा भरला, त्यात हा संघ खेळला. प्रसंग यथोचित होता. थॉर्प या आदिवासी खेळाडूची 1912 च्या ऑलिम्पिकची पदकेही हौशी खेळाडूच्या त्याच नियमाखाली हिरावून घेण्यात आली होती. 1985 मध्ये संघ इंग्लंडच्या दौऱ्यावर गेला तो स्वतःच्या पारपत्रावर. 1987 मध्ये आंतरराष्ट्रीय लॅक्रॉस महासंघाने त्यास पूर्ण सदस्यत्व दिले, आणि 1990 मध्ये ऑस्ट्रेलियातील पर्थ येथे अमेरिका, कॅनडा, इंग्लंड आणि यजमान यांच्या पंक्तीत सहा राष्ट्रांचा ध्वज प्रथम चढला. कोणत्याही खेळाच्या जागतिक स्पर्धेत एखाद्या आदिवासी राष्ट्राने स्वतःच्या नावाने उतरण्याचे असे उदाहरण दुर्मिळ आहे.

संस्थेच्या आर्थिक बाजूविषयी फार लिहिण्याचे कारण नाही. दौऱ्यास पैसे कमी पडत, वर्गण्या गोळा होत, आणि 2006 मध्ये नायके कंपनीशी झालेल्या करारामुळे गणवेशाची आणि साहित्याची चिंता पुष्कळ हलकी झाली. त्याहून महत्त्वाचे ते संस्थेने गावात काय केले. मोठ्या संघासाठी खेळाडू हवे असतील तर लहान मुलांचे संघ हवेत, आणि लहान मुलांचे संघ हवे असतील तर त्यांस संध्याकाळी कोणीतरी गाडीत घालून रिंगणावर न्यावयास हवे; या साध्या साखळीतून चुलते, आजोबा, शिक्षक आणि सरदार हे एकाच रिंगणाभोवती येत राहिले. सामन्यापूर्वी तंबाखू जाळून धन्यवाद द्यावयाचे, प्रतिपक्षास शत्रू म्हणावयाचे नाही, रागाच्या भरात काठी आपटावयाची नाही, कारण ती औषधाची आहे, हे पाठ मुलांस मिळू लागले. ज्या पिढ्यांस सरकारी निवासी शाळांत मातृभाषा बोलल्याबद्दल शिक्षा झाली, त्यांच्या नातवंडांस धन्यवादाची ती दीर्घ प्रार्थना क्रीडागृहात कानावर पडू लागली. सामाजिक विकासाच्या योजना बाहेरून आखणारे विद्वान व्यसनमुक्ती, शिक्षण, आरोग्य असे खाने पाडतात. येथे ते खाने कोणी पाडलेच नाहीत, खेळच या सर्वांस पुरला. 2014 मध्ये ऑल्बनी विद्यापीठाकडून खेळणाऱ्या लाईल आणि माईल्स थॉम्पसन या भावांस अमेरिकन महाविद्यालयीन लॅक्रॉसचा सर्वोच्च सन्मान संयुक्तपणे मिळाला, तेव्हा त्या पुरस्काराचे ‘टेवाराटन’ हे मोहॉक नाव प्रथमच त्या भूमीच्या मुलांच्या घरी गेले.

स्त्रियांचा प्रश्न मात्र सरळ नव्हता. परंपरेने लाकडी काठीस स्त्रीने स्पर्श करावयाचा नाही, कारण ते पुरुषांस दिलेले औषध आहे; स्त्रीच्या ठायी स्वतःचे वेगळे सामर्थ्य आहे असे कुलमाता सांगतात. मुलींनी प्लास्टिकच्या काठीने खेळावयास हरकत आहे काय, यावर वर्षानुवर्षे वाद झाले, ज्येष्ठांचा विरोध झाला, आणि अखेर 2009 मध्ये प्राग येथील जागतिक स्पर्धेत हॉडेनोशोनी स्त्रियांचा संघ उतरला. ज्यांनी विरोध केला त्यांस मी प्रतिगामी म्हणणार नाही आणि ज्या मुली खेळल्या त्यांस उद्धट म्हणणार नाही. हा निर्णय त्यांच्या घरातील मसलतीने झाला, बाहेरच्या फर्मानाने नव्हे, हे मला अधिक मोलाचे वाटते.

2010 चा जुलै महिना या संस्थेच्या इतिहासात सर्वांत कठीण ठरला. मँचेस्टर येथे जागतिक स्पर्धा होती, आणि 23 खेळाडूंचा संघ न्यूयॉर्कमध्ये अडकून पडला. कारण त्यांची पारपत्रे अंशतः हाताने लिहिलेली होती आणि नव्या सुरक्षा नियमांत ती बसत नव्हती. परतल्यावर अमेरिकेत पुन्हा प्रवेश मिळेल याची हमी प्रथम मिळेना. मग परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी एका वेळेपुरती सवलत दिली. तेव्हा ब्रिटनने प्रवेशपत्र नाकारले. अमेरिकन पारपत्रे तातडीने देण्याची तयारी दाखविण्यात आली होती. ती घेऊन विमानात बसले असते तर सामना चुकला नसता. खेळाडूंनी आणि त्यांच्या ज्येष्ठांनी ती घेतली नाहीत. ज्या मुलांनी वर्षानुवर्षे या स्पर्धेसाठी घाम गाळला होता, त्यांनी हॉटेलच्या खोल्यांत बसून घड्याळाकडे पाहिले, इंग्लंडविरुद्धचा उद्घाटनाचा सामना सोडला आणि घरी परतले. त्यांचा हा निर्णय अव्यवहार्य होता असे त्या वेळी पुष्कळांनी म्हटले. दुसऱ्याच्या पारपत्रावर जिंकलेला सामना त्यांच्या राष्ट्राचा झाला नसता, एवढेच मला त्यावर म्हणावयाचे आहे.

त्यानंतरची वर्षे यशाची आहेत. 2014 मध्ये डेन्व्हरजवळ मैदानी लॅक्रॉसच्या जागतिक स्पर्धेत प्रथमच कांस्यपदक. 2018 मध्ये इस्राएलमध्ये आणि 2023 मध्ये सॅन डिएगो येथे पुन्हा तेच. रिंगणातील लॅक्रॉसमध्ये 2003 पासून 2019 पर्यंतच्या पाचही जागतिक स्पर्धांत रौप्यपदक, आणि प्रत्येक वेळी वरचढ ठरला तो कॅनडाच. परंतु पदकांहून मला 2015 चा सप्टेंबर अधिक स्मरतो. रिंगणातील जागतिक स्पर्धा त्या वर्षी ओनोंडागांच्या भूमीवर भरली, 13 राष्ट्रांचे संघ आले, आणि पाहुण्यांच्या पारपत्रांवर ओनोंडागा राष्ट्राचे शिक्के उमटले. पाच वर्षांपूर्वी ज्यांचे पारपत्र मानले गेले नव्हते, त्यांनी पाहुण्यांचे पारपत्र मानले. माझे शेजारी असलेले एक वृद्ध मराठी गृहस्थ, ज्यांनी स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या वर्षांत मुंबईच्या गोदीत कारकुनी केली होती, त्या शिक्क्याचे छायाचित्र वर्तमानपत्रात पाहून पुष्कळ वेळ काही बोलले नाहीत.

मान्यतेची ही लढाई अद्याप संपलेली नाही. 2022 च्या वर्ल्ड गेम्समधून प्रथम या संघास वगळण्यात आले होते. जगभर विरोधाचे पडसाद उमटले, आयर्लंडच्या संघाने स्वतःची जागा स्वेच्छेने मोकळी करून दिली, आणि हॉडेनोशोनी संघ अलाबामातील बर्मिंगहॅम येथे खेळला. असे औदार्य क्रीडाक्षेत्रात वारंवार पाहावयास मिळत नाही, म्हणून आयर्लंडचे नाव येथे कृतज्ञतेने नोंदवितो. ऑक्टोबर 2023 मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे अधिवेशन आपल्या मुंबईत भरले, आणि ज्या ठरावाने 2028 च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये क्रिकेट आले म्हणून आपण एकमेकांस दूरध्वनी करून पेढे वाटण्याच्या गोष्टी केल्या, त्याच ठरावाने लॅक्रॉसही आले. 1908 नंतर प्रथमच त्या खेळास पदकाचा मान मिळणार होता. परंतु समितीचा नियम असा की ज्या राष्ट्राची ऑलिम्पिक समिती मान्य आहे त्याच राष्ट्राचा संघ येऊ शकतो. डिसेंबर 2023 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांनी हॉडेनोशोनींस स्वतःच्या ध्वजाखाली खेळू द्यावे असा जाहीर पाठिंबा दिला. समितीने नियमाकडे बोट दाखविले. खेळ आला आणि खेळाचे धनी दाराबाहेर राहिले, हे 1880 मध्ये घडले होते. मुंबईत झालेल्या ठरावाच्या निमित्ताने ते पुन्हा घडू नये, असे आपणां मराठी माणसांस तरी मनापासून वाटावे. आपल्या मंडळाने त्यासाठी पत्र लिहावे, अशी सूचना मी या लेखाद्वारे कार्यकारिणीपुढे ठेवीत आहे.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी मी पुन्हा त्या क्रीडागृहात गेलो होतो. सात आठ वर्षांच्या मुलांचा सराव चालला होता. शिरस्त्राणे डोक्याहून मोठी, आणि चेंडू फळ्यांवर आदळून होणाऱ्या आवाजाने सारे छप्पर दणाणत होते. सराव संपल्यावर एक मुलगा घाम पुशीत आईकडे धावत आला. त्याने सरावास प्लास्टिकची काठी वापरली होती. लाकडाची लहान काठी, बहुधा त्याच्या पाळण्यातलीच, बाकावर ठेवलेली होती. आईने त्याचे जोडे, हातमोजे, पाण्याची बाटली असे सर्व काही पिशवीत भरले, पिशवी खांद्यास लावली, आणि ती लाकडी काठी तशीच बाकावर ठेवून पलीकडे उभ्या असलेल्या आपल्या वडिलांस हाक मारली. ते सावकाश आले, त्यांनी काठी उचलली, जाळीची एक सैल वादी बोटाने ओढून पाहिली, आणि नातवाच्या हातात दिली.